लाल टू-सीटर, मुक्काम राई

वारसा कुणाच्या मालकीचा नसतो. एक पिढी तो पुढच्या पिढीसाठी सांभाळते, एवढंच. धर्मेश भोईरने हे वाक्य मला ऐकवलं तेव्हा आम्ही राई गावात त्याच्या जुन्या घरामागच्या पडवीत उभे होतो, आणि सदर वारशाच्या ड्रायव्हर सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली. मालकीचा प्रश्न तिच्यापुरता मिटलेला होता.

ताडपत्रीखालची वस्तू एकेकाळी मोटार होती याबद्दल दुमत नव्हतं. दोन दारं, दोन सीटा, पुढे लांबलचक नाक आणि वर कापडी टप, तोही आता आठवणीपुरता. इंग्लंडहून आलेली अस्सल स्पोर्ट्स कार. कंपनीचं नाव गळून पडलेलं. रंग मूळचा लाल, असं सांगत. मला दिसला तो गंजाचा होता, त्यामुळे फार फरक पडत नव्हता.

मला बोलावण्याचं कारण असं की मी बेव्हर्ली पार्कला धर्मेशच्याच बिल्डिंगमध्ये राहतो आणि विमा कंपनीत अपघाताच्या गाड्या तपासतो. मोडकी गाडी बघून गंभीरपणे मान हलवायला माझ्याइतका लायक माणूस त्याच्या ओळखीत नव्हता. मी हलवली.

ही गाडी राईत आली कशी, हे भोईरांच्या घरात मूलसुद्धा सांगेल. धर्मेशच्या आजोबांची खाडीला लागून मिठागरं होती. एका सिनेमा कंपनीने ती शूटिंगला घेतली. हिरो-हिरॉइन लाल गाडीतून गाणं म्हणत जाणार, मागे मिठाचे पांढरे ढीग, असा बेत होता. दोन कडव्यांनंतर कंपनी बुडाली. माणसं रातोरात गेली, गाडी राहिली. आजोबांनी ती भाड्यापोटी ठेवून घेतली. घरात भात येत होता, मीठ येत होतं, त्यात गाडी आली.

त्याच वर्षी आजोबांच्या मुलीचं, मंजुळाचं, लग्न झालं. तारोडीला दिली. धाकटा भाऊ काळूराम, म्हणजे धर्मेशचे वडील, तेव्हा मिसरूड फुटायच्या वयात. त्याने बहिणीला शेजारी बसवलं आणि राई ते तारोडी गाडी स्वतः चालवत नेली. नवरा वऱ्हाडाबरोबर पायी आला, कारण सीटा दोनच; दारात सगळे गाडीच्या बरोबरच पोचले. ही हकीकत काळूरामबाबा गेली साठ वर्षं सांगतायत. मी ती हळदीत ऐकली आहे, बारशाला ऐकली आहे, एकदा लिफ्ट बंद पडली होती तेव्हाही ऐकली आहे. स्टिअरिंग धरलेले दोन्ही हात प्रत्येक वेळी हवेत वर येतात आणि मोर्वा गावच्या वळणावर डावीकडे झुकतात.

आता प्रश्न होता तो मंजुळाआत्यांचा. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. बरीच वर्षं माहेरी पाऊल टाकलेलं नव्हतं. धर्मेशने आपली मोठी एसी गाडी पाठवली, ती त्यांनी तारोडीहून रिकामी परत पाठवली आणि ड्रायव्हरबरोबर निरोप दिला, "कालूला सांग, जशी नेली तशी आन. मंग येतंय."

निरोप बाबांनी दोनदा ऐकून घेतला. संध्याकाळी धर्मेशला म्हणाले, "डोलं हायत तवर एक डाव मना गारी चालवू दे." त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याबद्दल डॉक्टर काही बरं बोलत नव्हते. बहिणीला एकदा माहेरी आणायची, आणि तीही आपल्या हाताने गाडी चालवून, एवढंच त्यांचं मागणं होतं. धर्मेशला टाइल्सच्या धंद्यात कुणी एवढं कमी मागितलेलं नव्हतं. त्याने लगेच हो म्हटलं. नंतर समजलं की तोच सौदा महाग पडला.

काशीमिऱ्याला रोशन नावाच्या माणसाचं गॅरेज आहे. पाटीवर 'व्हिंटेज स्पेशालिस्ट' असं आहे. पाटी मात्र कोरी करकरीत. रोशन राईला आला, गाडीभोवती चपला काढून फिरला आणि डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, ही गाडी नाही, ही अमानत आहे." धर्मेशने माझ्याकडे बघितलं. वारशानंतर अमानत. मला तिथेच धर्मेशच्या टाइल्सच्या दुकानाची काळजी वाटायला लागली होती.

कोंबडीचं स्थलांतर झाल्यावर रोशनने बॉनेट उघडलं. आत नारळाची सोडणं होती, एक फुटकी घागर होती आणि उंदरांचं सुखी कुटुंब होतं. इंजिन नव्हतं.

धर्मेशने बाबांना विचारलं, इंजिन कुठे गेलं. बाबा ओट्यावर विडी ओढत बसले होते. "इंजिन?" ते म्हणाले. "कनचा इंजिन? न्हाय तिला." ते नाही हे आम्हालाही दिसत होतंच. बाबांचं वय झालं, असं आम्ही सगळ्यांनी एकमेकांना डोळ्यांनी सांगितलं.

पण वस्तू नाहीशी झाली म्हणजे कुणीतरी नेली असणार, आणि भोईरांच्या घरात कुणीतरी म्हणजे चुलत घर. धर्मेशचा चुलतभाऊ बबन तीन घरं सोडून राहतो. त्याच्या वडिलांनी त्याच जुन्या काळात मिठागरावर पाणी ओढायला इंजिन बसवलं होतं, हे धर्मेशला अचानक आठवलं. त्याने बाबांना विचारलं की काकांनी नेलं असेल का. बाबा म्हणाले, "त्याचा काय नेम न्हाय." कोर्टात याला साक्ष म्हणत नाहीत, राईत म्हणतात. पुढच्याच हळदीत धर्मेशने ही साक्ष बँडच्या आवाजावर आवाज चढवून बबनला ऐकवली. बबनने हातातलं ताट खाली ठेवलं आणि निघून गेला. ताट मटणाचं होतं, यावरून प्रकरण किती गंभीर ते ध्यानात यावं. तेव्हापासून दोन घरांचं बोलणं बंद.

मग काम सुरू झालं, आणि सुरूच राहिलं.

इंजिन इंग्लंडहून आलं. गिअरबॉक्स आला तो दुसऱ्याच कुठल्या मॉडेलचा निघाला, तो परत गेला, आणि तिसराच आला. रोशन फोनवर लांबच्या लांब व्हॉइस मेसेज पाठवायचा. त्यात शेवटी नेहमी एक वाक्य असायचं, "बस दादा, आता फक्त एकच पार्ट राहिलाय." तो एक पार्ट दर महिन्याला वेगळा असायचा. धर्मेशची दोन दुकानं होती. पैकी एक विकलं, त्यातला माल बेव्हर्ली पार्कच्या घरी आला. हॉलमध्ये टाइल्सच्या थप्प्या लागल्या. त्याची बायको समिधा मला म्हणाली, "भावजी, घरात टाइल्स आहेत, दुकानाच्या पैशात गाडी आहे. माणसं कुठे ठेवायची तेवढं तुमच्या मित्राला विचारा." मी विचारलं नाही. मी सोफ्याच्या उरलेल्या भागावर बसून चहा घेतला.

रंगावरून तर दोन महिने गेले. रोशनने लाल रंगाचे नमुने पत्र्यावर मारून आणले. आम्हाला ते सगळे लाल दिसत होते. बाबांना दाखवले तर त्यांना एकही लाल दिसेना. "मंग कसा होता?" धर्मेश त्यांच्याच बोलीत शिरून म्हणाला. बाबांनी विचार केला. "कोंबऱ्याच्या तुऱ्यासारका." रोशनने हे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी राईतला एक कोंबडा रिक्षाने काशीमिऱ्याला गेला आणि त्याचा तुरा बघून रंग कालवला गेला. रंग खरोखर अप्रतिम जमला. कोंबडा रोशनने ठेवून घेतला. ठेवून म्हणजे काय, हे आम्ही खोदून विचारलं नाही.

जुने भाग खोलताना रोशनला अनेक शोध लागले. पहिला शोध कडीचा. पुढच्या बंपरखाली मनगटाएवढी जाड लोखंडी कडी थेट सांगाड्याला डाखलेली होती. तिची आतली बाजू घासून घासून गुळगुळीत झालेली. रोशन म्हणाला, "दादा, ये नॉर्मल गाडी को नहीं होता. ये रॅली का हुक है." त्याने फोटो इंग्लंडमधल्या कुठल्या शौकिनांच्या मंडळाला पाठवला. त्यांनी कळवलं की अशी कडी आम्ही आयुष्यात पाहिलेली नाही. यावरून गाडी किती दुर्मिळ आहे हे सिद्ध झालं. कडीला क्रोमचा मुलामा दिला.

दुसरा शोध पेडलांचा. स्टिअरिंग इतकं झिजलं होतं की दोन्ही बाजूंना हातांचे खड्डे पडलेले, पण क्लच आणि ब्रेकचं रबर जवळपास नवं. रोशनने ते रबर हातात घेऊन मला दाखवलं. "साहेब, तुम्ही तर गाड्या बघता. एवढी गाडी चालवली, पण क्लच घासला नाही. काय सफाई असेल बाबांची." मी व्यावसायिक माणूस. मी पुन्हा मान हलवली.

मधल्या काळात मी एकदा बाबांच्या लायसन्सचा विषय काढला होता. म्हटलं, जुनं असेल तर नूतनीकरण बघू. बाबा हसले. "तवा लायसन कोन मागत होता?" मला तो काळ फार मोकळाढाकळा वाटला. शेवटी ठरलं असं की बाबांनी गावाच्या रस्त्यावर चालवल्यासारखं करायचं, शेजारी रोशनने बसायचं, आणि हमरस्ता आला की रोशनने ताबा घ्यायचा. हे बाबांना सांगायचं नाही. परतताना आत्यांसकट तिघं दोन सीटांवर कसे बसणार, हे कुणी विचारलं नाही.

अखेर गाडी राईला आली. अंगणात गावातली सगळी माणसं जमली, बबनचं घर सोडून. गाडी अशी चकाकत होती की माणसं तिच्यात बघून केस सारखे करत होती. समिधाने ओवाळलं. धर्मेशने नारळ फोडला, तो बंपरवर फुटू नये म्हणून रोशनने मध्ये स्वतःची चप्पल धरली. मग रोशनने किल्ली फिरवली. इंजिन असं गरजलं की शेजारच्या गोठ्यातल्या जनावरांपासून दूरच्या मशिदीजवळच्या कुत्र्यांपर्यंत सगळ्यांनी उत्तर दिलं. धर्मेशच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण धूर माझ्या बाजूला येत होता.

बाबा पांढरं धोतर आणि लाल टोपी घालून आले. त्यांना हात धरून सीटवर बसवलं. त्यांनी स्टिअरिंगच्या जुन्या खड्ड्यांत हात ठेवले. ते स्टिअरिंग रोशनने नशिबाने बदललं नव्हतं. हात बरोबर बसले. मग कपाळाला आठी घालून ते म्हणाले, "ह्यो आवाज बंद कर आदी."

रोशनने इंजिन बंद केलं. बाबा समोर बघत बसले. पाय दोन्ही जुळवून सीटखाली घेतलेले, देवळात बसतात तसे. आम्ही वाट बघत होतो. तेही वाट बघत होते.

"बाबा, चालवा," धर्मेश म्हणाला.

"चालवतंय की. बैल कुठं हायेत?"

गर्दीत कुणीतरी खोकलं. धर्मेश वाकून हळूच म्हणाला, "बाबा, कसले बैल?"

"जे गारी वरत होते ते. हिऱ्या न् मोत्या मेले, ते मना ठावं हाय. दुसरं आनलं असशील ना? एवरा खर्च केलास." बाबांनी पुढे वाकून बंपरकडे बोट केलं. "करी तर चांगली चकचकीत केलीस. दोर त्यातनं जातो."

रोशन रॅलीच्या हुककडे बघायला लागला. मी क्लचच्या रबराकडे बघितलं आणि मग दुसरीकडेच बघितलं. त्या क्षणी मला इतक्या वर्षांनी असंही सुचलं की तारोडीपर्यंत पायी गेलेला नवरा गाडीच्या बरोबरच पोचला होता.

बाकीचं बाबांनी तिथेच, सीटवर बसून, अगदी सहज सांगितलं. सिनेमावाल्यांची गाडी पहिल्यापासून बिनइंजिनाचीच होती. ते तिला दोर बांधून ट्रकने ओढत, हिरो नुसता हात फिरवी. आजोबांनी कडी डाखून घेतली आणि बैल जुंपले. लग्नं, जत्रा, सगळं असंच. पुढे बैलांकडे गडी चाले, आणि स्टिअरिंगवर काळूराम. "मी कवा बोललू का इंजिन होतं? तू विचारला, मी सांगितला न्हाय तिला. मी बोललू मी चालवली. मीच चालवली. ती करवट जायची तर सरळ कोन करत होता, बैल?"

यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. धर्मेश चाकाजवळ खाली बसला. लोकांना वाटलं टायर तपासतोय.

रोशनने समजूत घालायचा प्रयत्न केला, की बाबा, हरकत नाही, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा, दहा मिनिटांत तारोडी. बाबांनी मान हलवली. रागाने नव्हे. "मंजू न्हाय बसनार. जशी नेली तशी बोललेय ती." आणि ते गाडीतून उतरायला लागले. उतरताना त्यांनी एकदा स्टिअरिंगवरून हात फिरवला, आणि चष्मा काढून पुसला, जो स्वच्छच होता. तेवढं बघितल्यावर धर्मेश उठला.

अडचण अशी की राईत आता बैल उरलेत ते फक्त शर्यतीचे, आणि शर्यतीचे बैल फक्त बबनकडे.

मी धर्मेशबरोबर गेलो. तीन घरांचं अंतर, पण वाटेत तो दोनदा थांबला. बबन गोठ्यात होता. बैलांना काजू-बदाम चारत होता. ते बैल त्याच्या मुलांपेक्षा बरं खातात, असं त्याची मुलंच सांगतात. त्याने वर बघितलं नाही.

"बबनदादा," धर्मेश म्हणाला, "बैल पाहिजे होते."

"कशाला?"

"गाडीला."

"तिला इंजिन हाय ना आता? आवाज आयला मगाशी. बैल घाबरले माजे."

"इंजिन आहे. पण बाबांना... पहिल्यापासून बैलच लावायचे, दादा. इंजिन नव्हतंच तिला. आज समजलं."

बबनने बदाम मोजून मुठीत परत घेतले. बैलाच्या वशिंडावर हात ठेवला. मग म्हणाला, "चोराचे बैल चालतील काकाला?"

धर्मेशने मान खाली घातली. त्याने माफी मागितली. चांगली मागितली, मी साक्षीला आहे. बबनने ती ऐकून घेतली आणि अट घातली. "हळदीत तू माईकसारका बोललास. आता तारोडीपातुर वाटेत जो कोन काय पन विचारंल, त्याला आदी सांगायचा, इंजिन बबनच्या बापानं नेला नव्हता. मंग बाकीचा बोल. न् दोर मी धरनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी चकचकीत कडीतून दोर गेला. बबन पुढे, त्याचे ते पांढरेशुभ्र दोन बैल, मागे लाल स्पोर्ट्स कार, तिच्यात टोपी सरळ करून बसलेले काळूरामबाबा, आणि बाजूने आम्ही पायी. शेजारची सीट रिकामी होती, पण ती आत्यांची होती. उत्तनच्या रस्त्याला बस, रिक्षा, टेम्पो सगळे मागे तुंबले. मोर्व्याच्या नाक्यावर एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून आस्थेने विचारलं, "क्या हुआ भाई, इंजिन बैठ गया?"

"इंजिन बबनच्या बापाने नेलं नव्हतं," धर्मेश म्हणाला.

रिक्षावाल्याने त्याच्याकडे, मग बैलांकडे बघितलं. "अच्छा," तो म्हणाला आणि डोकं आत घेतलं. डोंगरीपर्यंत हे वाक्य धर्मेशने इतक्यांना सांगितलं की शेवटी शेवटी बबनच वैतागला आणि म्हणाला, पुरे आता, बैल बिथरतात. त्याआधी मोर्व्याच्या वळणावर बाबांचे हात डावीकडे गेले. हवेत नाही, खऱ्या चाकावर. गाडी वळली.

मंजुळाआत्या ओटीवर नऊवारी नेसून, केसांत अबोली माळून बसलेल्या. त्यांनी आधी बैल बघितले, मग गाडी, मग भाऊ.

"उशीर केलास, कालू."

"रंगाला येळ लागला."

त्यांना उचलून बसवलं. बाबांनी एकदा शेजारी बघितलं, पुढे बघितलं आणि बबनला हात केला. निघाले. परतीच्या वाटेवर डोंगरीच्या चढाला बैलांनी माना खाली घातल्या, दम लागायला लागला. आत्या वाकून बघत होत्या.

"तवा पलत होते बैल," त्या म्हणाल्या. "पुरं काय भरलास, एवरा वजन?"

"पोराची हौस हाय," बाबा म्हणाले आणि मन लावून चालवत राहिले.

आत्या माहेरी आठवडाभर राहणार होत्या, आणि जाताना पुन्हा याच गाडीने सोडायचं होतं. बबनने बैलांच्या माना बघून सांगितलं की एवढं वजन त्यांना पुन्हा ओढवणार नाही. शनिवारी रोशन दोन माणसं घेऊन आला आणि त्याने इंजिन काढून ठेवलं.